आकाशातली शिरगणती

सुरुवातीलाच एक कबुली देतो. अमेरिकेतल्या एका डोंगरधारेवर, स्थलांतराला निघालेल्या शिकारी पक्ष्यांच्या मोजणीला पहिल्यांदा बसलो, तेव्हा सकाळच्या तीन तासांत मी मोठ्या उत्साहाने सात शिकारी पक्षी दाखवले. त्यातले दोन कावळे निघाले आणि एक विमान. शेजारच्या बाईंनी त्या विमानासाठी दुर्बीणही उचलली नाही. म्हणाल्या, "थांबा जरा, आवाज येईल." आला!

तर मुळात डोंगराच्या धारेवरच का बसायचं? पक्षी काटकसरी असतो म्हणून. हजारो किलोमीटर पंख मारत जाणं शिकारी पक्ष्याला परवडत नाही. शरद ऋतूत थंड हवेची लाट येऊन गेली की वायव्येचा वारा सुटतो. ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे गेलेल्या लांबलचक डोंगररांगेवर तो आडवा आदळतो आणि उतारावरून वर चढतो. त्या चढत्या हवेवर पंख पसरून पक्षी कितीतरी अंतर जवळपास फुकटात कापतो. दुसरी सोय थर्मलची. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर उठते, पक्षी तिच्यात घिरट्या घालत उंची गाठतो आणि मग पुढच्या थर्मलकडे घसरत जातो.

एकाच थर्मलमध्ये शेकडो पक्षी गरगरत असले की तिकडचे मोजणीदार त्याला 'केटल' म्हणतात, म्हणजे किटली. नवखा माणूस त्या किटलीतच मोजायला लागतो आणि चाळिसाव्या पक्ष्याला हरवतो. सगळे गोल फिरतायत, वरचे खाली, खालचे वर! तिथे हात आवरायचा. किटलीच्या वरच्या तोंडातून पक्षी एकामागे एक सुटतात आणि रांगेने घसरत निघतात, तेव्हा मोजायचं. आभाळात एक रेघ मनाशी धरायची, ती ओलांडली की अंगठ्याखालचा काउंटर दाबायचा. गर्दी वाढली तर पाच-पाचचे, दहा-दहाचे गट. आणि निळंभोर, निरभ्र आकाश बघून खूश होऊ नका. त्या निळाईत उंचावरचा पक्षी विरघळून जातो. आम्हाला पांढरे ढग हवे असतात, पांढऱ्या भिंतीवर कोळशाने काढल्यासारखे ठिपके दिसतात त्यावर.

ओळख रंगावरून नाही, चालीवरून. शार्पशिन्ड हॉक म्हणजे शिक्र्याचा तिकडचा भाऊबंद. भराभर पंख मारतो, मग थोडं तरंगतो, पुन्हा भराभर. सोनेरी गरुड मात्र पंख न हलवता, फळीसारखा सपाट तरंगत येतो. शेजाऱ्याला दाखवायचं तर समोरच्या शिखरांना आकडे दिलेले असतात. "चारवर एक, खाली येतोय" एवढं पुरतं.

हे आकडे ज्या शिखरांना आहेत, ती जागा पेन्सिल्व्हेनियातली हॉक माउंटन, किटाटिनी डोंगररांगेवरची. तिथे माणसं आधी जमत ती बंदुका घेऊन. शिकारी पक्षी म्हणजे कोंबड्या आणि शिकारीचे पक्षी पळवणारे चोर, असा समज होता. गॉसहॉक, म्हणजे शिक्र्याच्याच कुळातला थोराड पक्षी, मारला तर 1929 पासून राज्य 5 डॉलर इनाम देत होतं. 1932 मध्ये रिचर्ड पो या पक्षीप्रेमीने मेलेल्या पक्ष्यांच्या रांगा मांडून फोटो काढले. ते पाहून हलल्या त्या रोझाली एज. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या बाई, वादाला न घाबरणाऱ्या. त्यांनी 1934 मध्ये तिथली सुमारे 1,400 एकर जागा भाडेपट्ट्याने घेतली आणि मॉरिस ब्राउन आणि त्यांच्या पत्नी अर्मा यांना राखण करायला पाठवलं. काम होतं बंदूकवाल्यांना परत धाडायचं. ब्राउन कड्यावर बसून पक्षी मोजायलाही लागले. दुसऱ्या महायुद्धातला खंड सोडला तर ती मोजणी आजवर चालू आहे.

आता मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं काय वाटतं ते सांगतो. 1978 च्या सप्टेंबरमध्ये तिथे एका दिवसात 21 हजारांहून जास्त ब्रॉडविंग हॉक, म्हणजे रुंद पंखांचे शिकारी पक्षी, मोजले गेले. असे दिवस लोक नातवंडांना सांगतात. पण विज्ञानाच्या कामी आला तो फार साधा रकाना. टकल्या गरुडाचं, म्हणजे तिकडच्या बाल्ड ईगलचं, डोकं पांढरं व्हायला पाचेक वर्षं लागतात, पिल्लू सगळं काळपट. ब्राउन दोन्ही वेगळे लिहीत राहिले. 1935 ते 1939 या काळात मोजलेल्या गरुडांत 40 टक्के कोवळे होते. 1955 ते 1959 मध्ये 20 टक्के. एकट्या 1957 मध्ये तर 32 प्रौढांमागे एक पिल्लू. म्हातारे गरुड उडताना दिसत होते, म्हणून सगळं आलबेल वाटत होतं. घरट्यांतून नवं कोणी येतच नव्हतं. लेखिका रॅचेल कार्सन यांनी 1962 च्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात डीडीटी या कीटकनाशकाविरुद्ध हे आकडे मांडले. 1972 मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली आणि गरुड सावरले. ब्राउन यांनी 1935 मध्ये "गरुड, इतके" एवढंच लिहिलं असतं, तर?

अर्थात आकडा घटला म्हणजे पक्षी मेले, असंही नाही. हिवाळे सौम्य झाल्यावर काही जातींचे पक्षी उत्तरेलाच मुक्काम करतात. ते धारेवरून जातच नाहीत. आणि कोणत्याही एका धारेवरून सगळे जात नाहीत. मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझला समुद्र आणि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून एका मोसमात 40 लाखांवर शिकारी पक्षी जातात, कारण समुद्रावर धड थर्मल मिळत नाहीत. हॉक माउंटनचा मोसमाचा आकडा 20 हजारांच्या आसपासचा. तो मतमोजणीचा नव्हे, नाडीचा आकडा आहे. म्हणून बसायची जागा तीच, 15 ऑगस्ट ते 15 डिसेंबर हा काळ तोच, आणि दर तासाला वारा, ढग, तापमान लिहायचं. पक्षी एकही नसला तरी तासाची ओळ भरायची. धुक्यात चार तास शून्य लिहिणं कंटाळवाणं असतं, खोटं नाही सांगत.

आणखी एक रकाना असतो, 'अनोळखी शिकारी पक्षी' असा. नवखे तो टाळतात, त्यांना लाज वाटते. मुरलेले बिनदिक्कत भरतात. माझ्या त्या सातांतले कावळे आणि विमान गेल्यावर चार उरले. तीन शार्पशिन्ड होते. चौथा दूर, पाच नंबरच्या शिखरामागे क्षणभर वळला. मला तो कूपर्स हॉक, म्हणजे शार्पशिन्डसारखाच दिसणारा त्याचा थोरला भाऊ वाटला, बाईंना नाही. दोघांनी थोडा वाद घातला, मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि त्याला त्या शेवटच्या रकान्यात टाकलं.