पसंतीक्रम स्वतःच्या हाताने भरा

श्रोतेहो, नमस्कार.

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे पर्सेंटाइल कळले, की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. मामा एका कॉलेजचं नाव सांगतात, शेजारच्या काकू दुसरंच. पेपरात पानभर जाहिरात येते, एसटी स्टँडवर मोठमोठे फलक लागतात. आणि ज्या मुलाला किंवा मुलीला पुढची चार वर्षं तिथे काढायची आहेत, त्यांनी ते कॉलेज बहुतेक वेळा पाहिलेलंही नसतं. आज मी मुख्यतः इंजिनिअरिंगच्या प्रवेशाबद्दल बोलणार आहे, कारण पैसा, घाई आणि ऐकीव माहिती या तिन्ही गोष्टी तिथे सर्वांत जास्त एकत्र येतात. फार्मसी किंवा कृषीला जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून करतो. अर्ज कोण भरतं? तालुक्याच्या गावी तो बहुधा नेट कॅफेत भरला जातो. घाईघाईत मोबाइल नंबर कॅफेवाल्याचा टाकला जातो, ओटीपी त्याच्याकडे येतो, पासवर्डही त्याच्याच वहीत राहतो. त्या माणसाचा हेतू वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीत जागा मिळाली, ती स्वीकारायची शेवटची तारीख उद्या आहे, आणि हा निरोप दुसऱ्याच्याच फोनवर जातो, तेव्हा नुकसान मुलाचं होतं. नेट कॅफेत जरूर जा, तिथलं इंटरनेट वापरा, प्रिंट काढा. मोबाइल नंबर मात्र घरातला, ईमेल विद्यार्थ्याचा, आणि पासवर्ड फक्त त्याच्याकडे. आणि कुणी मार्गदर्शक म्हणवणारा माणूस लॉगिन आणि मूळ कागदपत्रं मागत असेल, तर तिथून उठून या.

आता पर्सेंटाइल. पालकांनो, ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. समजा तुमच्या विषयगटात तीन लाख मुलांनी परीक्षा दिली, तर ९० पर्सेंटाइलच्या मुलापुढे साधारण तीस हजार मुलं आहेत. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. आपण रांगेत नेमके कुठे उभे आहोत हे कळलं, की मुलावर रागावणंही थांबतं आणि खोट्या आशेवर अर्ज भरणंही थांबतं. ही प्रवेश परीक्षा घेणारं सीईटी सेल दर वर्षी प्रत्येक फेरीनंतर कॉलेजनिहाय, शाखानिहाय, प्रवर्गनिहाय कटऑफ, म्हणजे शेवटचा प्रवेश किती पर्सेंटाइलला झाला ते, जाहीर करतं. मागच्या दोन वर्षांच्या याद्या घ्या आणि त्यातला आपल्याला लागू असलेलाच रकाना वाचा. मित्राचा प्रवर्ग वेगळा असेल तर त्याच्या अंदाजाचा तुम्हाला उपयोग नाही.

यादीतून आवाक्यातली दहा-पंधरा कॉलेजं निघतील. त्यांतली निदान तीन-चार स्वतः जाऊन पाहा, हे माझं सर्वांत कळकळीचं सांगणं आहे. आणि जायचं ते प्रवेशाच्या मेळाव्याच्या दिवशी नव्हे. त्या दिवशी मांडव असतो, पाहुण्यांची सरबराई असते, चकचकीत माहितीपत्रक हातात मिळतं. साध्या दिवशी, कॉलेज चालू असताना जा. जूनमध्ये सुट्ट्या असतात, म्हणून शक्य असेल तर बारावीच्या वर्षात दिवाळीनंतरच एखादी फेरी मारा. इमारतीचा दर्शनी भाग पाहून भारावू नका. प्रयोगशाळेत जा, यंत्रांवर धूळ आहे का पाहा. लेथ मशीनवर मुलं खरंच काम करतायत की प्रात्यक्षिकाची वही एकमेकांची बघून उतरवतायत, हे दहा मिनिटांत लक्षात येतं. ग्रंथालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं असतं ते विचारा. आणि मग कँटीनमध्ये बसा.

कँटीनमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं भेटतात, आणि ती खरं बोलतात. कॉलेज चांगलं आहे का, असं मोघम विचारू नका. गेल्या आठवड्यात किती तास झाले, गणित कोण शिकवतं, विषय राहिला तर शिक्षक पुन्हा समजावून देतात का, हॉस्टेलला पाणी येतं का, परीक्षेचे निकाल वेळेवर लागतात का, असं नेमकं विचारा. पालकांनी त्या वेळी थोडं बाजूला बसावं. आईवडील समोर असले की तिथली मुलं हातचं राखून बोलतात.

शिक्षकांची संख्या तर तुम्हाला घरी बसून तपासता येते. एआयसीटीई, म्हणजे तांत्रिक शिक्षणाची देशपातळीवरची परिषद, तिचा निकष आहे, वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. एखाद्या शाखेत वर्षाला ६० जागा असतील तर चार वर्षांची मिळून २४० मुलं होतात, म्हणजे त्या शाखेला १२ शिक्षक हवेत. कॉम्प्युटरच्या २४० जागा असतील तर ४८ शिक्षक हवेत. हा हिशेब आता फार महत्त्वाचा झाला आहे, कारण २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी एका शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा काढली, आणि अनेक ठिकाणी कॉम्प्युटरच्या जागा झपाट्याने वाढल्या. जागा कागदावर एका वर्षात वाढतात, अनुभवी शिक्षक तसे वाढत नाहीत. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर ‘मँडेटरी डिस्क्लोजर’ नावाचा भाग असतो, त्यात शिक्षकांची नावं आणि पात्रता द्यावी लागते. ती यादी मोबाइलवर उघडा, आणि यांपैकी तुम्हाला कोण शिकवतं, असं कँटीनमधल्या त्याच मुलांना विचारा.

नॅक ही संस्था कॉलेजांचा दर्जा तपासून श्रेणी देते. ती श्रेणी पाहा, पण ती कधी मिळाली आहे ती तारीखही पाहा. आणि एनबीए या दुसऱ्या संस्थेचं मानांकन संपूर्ण कॉलेजला मिळत नाही, ते एकेका अभ्यासक्रमाला मिळतं. मेकॅनिकलला मिळालेलं मानांकन नव्याने सुरू झालेल्या शाखेला लागू होत नाही. जाहिरातीत हा फरक सांगितलेला नसतो.

आता नोकरीचं. फलकावर एका मुलाचा फोटो असतो आणि खाली लाखांचा आकडा. तो आकडा खराही असेल. पण तुमच्या मुलाला उपयोगी आकडा वेगळा आहे. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीसाठी अर्ज करताना कॉलेजांनी जी माहिती दिली, ती त्यांना आपल्या वेबसाइटवर ठेवावी लागते. त्यात किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली, किती उच्च शिक्षणाला गेली आणि पगाराचा मध्यक किती, हे सगळं असतं. मध्यक म्हणजे नोकरी लागलेल्या सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं, तर बरोबर मधल्या मुलाचा पगार. तुमचं मूल त्या मधल्या मुलाच्या आसपास असण्याची शक्यता सर्वांत जास्त. म्हणून मी तरी सर्वोच्च पॅकेजचा आकडा विचारातच घेत नाही.

पुण्यामुंबईचा मोह मी समजू शकतो. पुण्याचं सीओईपी हे इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ सालचं, मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ सालचं. तिथे नंबर लागत असेल तर प्रश्नच नाही. पण तिथे लागत नाही म्हणून त्याच शहरातल्या कुठल्याही नव्या कॉलेजात, महागड्या भाड्याच्या खोलीत मुलाला पाठवायचं, हे मला पटत नाही. सांगलीचं वालचंद कॉलेज १९४७ पासून उभं आहे. नांदेडची श्री गुरु गोबिंदसिंहजी संस्था १९८१ पासून. कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, जळगाव, चंद्रपूर इथे सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. तिथली फी कमी, राहण्याजेवणाचा खर्चही आटोक्यात. ही नावं पसंतीक्रमात वरच्या भागात यायला हवीत, आणि आपल्याकडे शहराच्या ओढीने ती खाली ढकलली जातात.

फी म्हणजे वर्षाचा एक आकडा असं समजू नका, चार वर्षांची बेरीज मांडा. खासगी विनाअनुदानित कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर दिसते. त्याहून जास्त मागितली तर पावती मागा आणि लेखी तक्रार करा. देणगी घेऊन प्रवेश देणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्या फीत हॉस्टेल, मेस, पुस्तकं, लॅपटॉप, येणंजाणं मिळवा, मग खरा खर्च कळतो. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएस नावाच्या जागा नीट बघा. मंजूर जागांच्या पाच टक्क्यांपर्यंत या जास्तीच्या जागा असतात आणि त्यांना शिकवणी शुल्क माफ असतं. त्यांचा चॉइस कोड, म्हणजे पसंतीक्रमात भरायचा क्रमांक, वेगळा असतो, शेवटी इंग्रजी ‘टी’ असतो. हे माहीत नसल्यामुळे हुशार मुलं तो कोड भरतच नाहीत. ही जागा मिळाली तर मात्र नंतर कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही, हे लक्षात ठेवा.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम, ओबीसी विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, या सगळ्यांच्या अटी प्रवेशाआधी वाचा. व्यावसायिक अभ्यासक्रमांची शुल्क सवलत कॅपमधून झालेल्या प्रवेशाला मिळते. मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागांवर, गेलात की ती गेली. बऱ्याच घरांना हे पैसे भरून झाल्यावर कळतं.

आणि आता मुलींच्या पालकांशी थोडं स्पष्ट बोलतो. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक शिक्षणाचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. पैशाचं कारण बरंच कमी झालं. तरीही एकाच घरात मुलाला पुणे आणि मुलीला घरापासून बसने जाता येईल ते कॉलेज, असं आजही होतं. मुलीचे गुण जास्त असतानाही होतं. तुमची काळजी खरी आहे, पण ती काळजी घेऊन हॉस्टेल बघायला जा. रेक्टर बाई रात्री तिथेच राहतात का, आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेतं, स्टँडपासून रस्ता उजेडाचा आहे का, हे विचारा. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर १८००-१८०-५५२२ मुलाच्या आणि मुलीच्या, दोघांच्याही फोनमध्ये भरून द्या. एवढं केल्यावर मुलीने कमावलेली जागा केवळ अंतरासाठी सोडू नका. ती जागा पुन्हा मिळत नाही.

शाखा आधी की कॉलेज आधी, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. सरसकट उत्तर नाही. पण शाखा ठरवताना तिच्या दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम वाचा, तो विद्यापीठाच्या वेबसाइटवर असतो. पहिलं वर्ष सगळ्या शाखांचं बरंचसं सारखं असतं, दुसऱ्या वर्षापासून खरा विषय सुरू होतो. ती पानं वाचताना मुलाला कुतूहल वाटतंय का, की नुसतं सगळे कॉम्प्युटर घेतायत म्हणून तो घेतोय? पूल, धरणं, यंत्रं यांत रमणारी मुलं आजही आहेत. त्यांना सिव्हिल आणि मेकॅनिकलमधून ओढून काढू नका. आणि बारावी विज्ञान झालेल्या प्रत्येकाने इंजिनिअरच व्हावं असंही नाही. चांगल्या कॉलेजातली भौतिकशास्त्राची किंवा संख्याशास्त्राची बीएस्सी ही कमीपणाची वाट नव्हे.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो. तुमचं मूल आज अकरावीत असेल तर कॉलेजमार्फत आत्ताच अर्ज करा. नॉन क्रिमिलेअर आणि उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत तपासून ठेवा. आणि मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला पडताळणीपुरते दाखवा, परत घ्या. यूजीसीच्या २०१८ च्या सूचनेनुसार संस्थांना मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत.

शेवटी पसंतीक्रमाचा अर्ज. संगणक तुमची यादी वरून खाली वाचतो आणि तुमच्या गुणवत्तेत बसणारा सर्वांत वरचा पर्याय देतो. म्हणून खरोखर आवडलेलं कॉलेज, कटऑफ थोडा जास्त असला तरी, वरच लिहा. ते मिळालं नाही तर खालच्या पर्यायांवरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. ‘मिळण्यासारखं आधी लिहू’ या भीतीने अनेकांनी चांगली जागा घालवली आहे, कारण पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली की ती गोठवली जाते, पुढच्या फेऱ्यांत बदल नाही. पुढच्या फेऱ्यांचे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचा, गेल्या वर्षीच्या मुलाला विचारून चालणार नाही.

अर्ज कन्फर्म करण्याच्या आदल्या रात्री यादीची प्रिंट घेऊन घरातल्या सगळ्यांनी बसा. मुलाने किंवा मुलीने एकेक ओळ मोठ्याने वाचावी, आणि आईवडिलांनी प्रत्येक ओळीला एवढंच विचारावं: हेच मिळालं, तर जाशील ना? जिथे उत्तर अडखळेल ती ओळ काढून टाका, मग कन्फर्म करा.

नमस्कार.