खर्जाला जागा देताना: बेस गिटारसाठी अ‍ॅम्प्लिफायरची निवड

श्रोतेहो, नमस्कार.

आपण हे भाषण ज्या रेडिओवर किंवा मोबाइलवर ऐकत आहात, त्याचा स्पीकर बहुधा तळहाताहून लहान असेल. त्याच स्पीकरवर एखादे गाणे लागले, की त्यातील बेस गिटारची चाल आपल्याला ओळखू येते. परंतु त्या चालीतील सर्वांत खालचे स्वर त्या लहानशा स्पीकरमधून जवळजवळ बाहेर पडतच नसतात. त्यांच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर तेवढे आपल्यापर्यंत पोहोचतात आणि त्यांच्या आधारे मूळ स्वर कोणता, हे आपला मेंदूच जुळवून घेतो. घरच्या रियाजासाठी आणि चार-पाच जणांच्या वादनासाठी बेस गिटारचा अ‍ॅम्प कसा निवडावा, हा आजचा विषय आहे, आणि त्याची सुरुवात इथूनच करावी लागते.

चार तारांच्या बेस गिटारवरील सर्वांत जाड तार, म्हणजे ई, मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात. पाच तारांच्या वाद्यावर त्याखाली बी ही तार असते, ती सुमारे ३१ कंपनांची. तुलनेसाठी सांगतो, काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मंद्र सप्तकातील षड्ज सुमारे ६९ कंपनांचा असतो; म्हणजे खर्ज साधणाऱ्या गायकाचा गळा जिथे टेकतो, त्याच्याही बऱ्याच खाली हे वाद्य वावरत असते. इतका खालचा स्वर हवेत उमटवायचा तर स्पीकरला फार कष्ट पडतात. आवाजाची पातळी तीच ठेवून स्वर एका सप्तकाने खाली न्यायचा असेल, तर स्पीकरच्या कोनाला, म्हणजे त्यातील थरथरणाऱ्या शंकूला, चौपट अंतर मागेपुढे हलावे लागते. म्हणूनच साध्या गिटारचा अ‍ॅम्प बेससाठी चालत नाही, आणि हे मी अनुभवाने शिकलो. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे गिटारचाच, मागील बाजूने उघडा असलेला एक लहान अ‍ॅम्प होता. खोलीत मंद आवाजात तो बेसलाही चालून जात असे. एका गणेशोत्सवात ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या बरोबरीला येण्यासाठी मी त्याचा आवाज वाढवला आणि दुसऱ्याच गाण्यात त्याचा कोन कडेने फाटला. दोष त्या अ‍ॅम्पचा नव्हता. ज्या कामासाठी तो घडवलाच नव्हता, ते काम मी त्याच्याकडून करून घेत होतो.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न वॅटचा निघतो, आणि माझ्या मते सर्वाधिक गैरसमज तिथेच होतो. वॅट दुप्पट केले, तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला फरक कळतो, पण तो फार मोठा वाटत नाही. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला सुमारे १० डेसिबलची वाढ लागते आणि त्यासाठी दहापट वॅट लागतात. त्यामुळे २० वॅटचा अ‍ॅम्प सोडून थोडे अधिक पैसे देऊन ४० वॅटचा घेतला, तर आपला आवाज दुप्पट होईल, ही अपेक्षा चुकीची ठरते. त्यापेक्षा स्पीकर मिळालेल्या विजेचे आवाजात किती कार्यक्षमतेने रूपांतर करतो, हे कितीतरी महत्त्वाचे असते. एका मीटर अंतरावर एका वॅटला ९६ डेसिबल आवाज देणाऱ्या स्पीकरकडून २५ वॅटमध्ये जे काम होते, त्याच कामासाठी ९० डेसिबलच्या स्पीकरला १०० वॅट द्यावे लागतात. मोठ्या खोक्यातला मोठा स्पीकर कमी वॅटमध्ये भरून वाजतो, त्याचे कारण हेच आहे.

या वाद्याचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेतील वाद्यनिर्माते लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस ही बेस गिटार बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी बेसमन नावाचा अ‍ॅम्प काढला, ज्यात १५ इंची एकच स्पीकर होता. पुढे त्याची १० इंची चार स्पीकरांची आवृत्ती आली. आवाज चढवला की तो अ‍ॅम्प फाटक्या, खरखरीत सुरात गाऊ लागे. बेसवादकांना ते नकोसे होते, पण गिटारवादकांना तो सूर इतका आवडला, की १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या वाद्यांच्या दुकानातील मंडळींनी त्याच आराखड्यावरून आपला पहिला गिटार अ‍ॅम्प घडवला. बेसची खरी सोय अमेरिकेतील अ‍ॅम्पेग कंपनीने १९६० साली आणलेल्या बी-१५ या अ‍ॅम्पने केली. त्याची ताकद २५ ते ३० वॅटच्या आसपास, पण स्पीकर १५ इंची आणि खोके प्रशस्त. वरचा अ‍ॅम्प उलटा करून खोक्यातच बंद करता येई आणि चाकांवरून नेता येई. अमेरिकेतील डेट्रॉइटच्या मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीचे थोर बेसवादक जेम्स जेमरसन यांच्याशी हा अ‍ॅम्प कायमचा जोडला गेला आहे. लहान जागेत, समजूतदार साथीदारांबरोबर ३० वॅट पुरतात, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला ठाऊक नाही. त्याच कंपनीने १९६९ साली ३०० वॅटचा एसव्हीटी आणि त्याच्यासोबत १० इंची आठ स्पीकरांचे कपाटाएवढे कॅबिनेट आणले, ते मोठमोठ्या मैदानांवरील कार्यक्रमांसाठी. आपल्याला त्याचा मोह पडू नये, एवढेच सांगतो.

मग आजच्या घडीला काय घ्यावे? ज्यांना केवळ घरी रियाज करायचा आहे, त्यांना ८ इंची स्पीकरचा २० ते ३० वॅटचा कॉम्बो, म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात असलेला नमुना, पुरेसा आहे. सुरुवातीला सांगितलेली गोष्ट इथे कामी येते: अशा लहान अ‍ॅम्पमधून खालच्या ईचा मूळ स्वर फारसा येत नाही, पण उपस्वर स्वच्छ येत असतील तर बोटांची सफाई आणि सुरांची शुद्धता तपासता येते. त्यात हेडफोनची सोय आणि मोबाइलवरील गाणे जोडण्यासाठी वेगळी जागा असलीच पाहिजे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना तर हेडफोनला पर्यायच नाही, कारण खर्जाचा आवाज भिंती आणि स्लॅब सहज ओलांडून शेजाऱ्यांच्या घरात शिरतो, आणि आपल्याला मंद वाटणारी धून खालच्या मजल्यावर नुसती धडधड म्हणून ऐकू येते. अ‍ॅम्प जमिनीवर न ठेवता जाड फोमवर किंवा रबरी पायांच्या स्टुलावर ठेवला, तर ही धडधड थोडी कमी होते.

गटात वाजवायचे असेल, तर मी पहिला प्रश्न विचारतो तो ताल कोण धरणार, हा. महाराष्ट्रातल्या पुष्कळ वाद्यवृंदांत ड्रमच्या जागी ऑक्टोपॅड असतो, सोबत तबला किंवा ढोलकी, एक कीबोर्ड आणि एखादी गिटार. ऑक्टोपॅडचा आवाज बटणाने कमी करता येतो, त्यामुळे अशा गटाच्या तालमीला १० इंची स्पीकरचा ४० ते ५० वॅटचा अ‍ॅम्प निभावून नेतो. प्रत्यक्ष ड्रमसेट मात्र स्वतःच्या ताकदीने वाजतो. त्याच्यासोबत भाड्याच्या जॅमरूममध्ये वाजवायचे, तर १२ इंची स्पीकरचा १०० वॅटचा अ‍ॅम्प ही किमान मर्यादा मानावी, आणि ड्रमर जोरकस असेल तर २०० वॅटच्या पुढे जावे. कारण तार छेडल्याच्या पहिल्या क्षणी लागणारी ताकद ही पुढे टिकणाऱ्या स्वराच्या कितीतरी पट असते. त्या क्षणाला अ‍ॅम्प कमी पडला, की ठोका बोथट होतो आणि ताल धरणाऱ्याला आपला आधार सापडत नाही. उदाहरणादाखल फेंडरच्याच रम्बल मालिकेकडे पाहता येईल: तीत २५ वॅटला ८ इंची, ४० वॅटला १० इंची आणि १०० वॅटला १२ इंची स्पीकर आहे, आणि १०० वॅटच्या अ‍ॅम्पचे वजन १० किलोच्या आसपास आहे. क्लास डी नावाच्या, वीज कमी वाया घालवणाऱ्या हलक्या विद्युतमंडलांमुळे अलीकडे अ‍ॅम्पची वजने खाली आली आहेत. पूर्वी एवढ्या ताकदीचा अ‍ॅम्प जिन्यावरून न्यायला दोन माणसे लागत. एकच अ‍ॅम्प घ्यायची ऐपत असलेल्या विद्यार्थ्याला मी १२ इंची, १०० वॅटचा, हेडफोनची सोय असलेला कॉम्बो सुचवीन, कारण मोठा अ‍ॅम्प हळू वाजवता येतो, लहान अ‍ॅम्प मात्र स्वतःच्या कुवतीबाहेर वाजवता येत नाही.

कार्यक्रमांत वाजवण्याचा विचार असेल, तर डीआय आउटपुट आहे का, ते अवश्य पाहावे. या जोडणीतून आपला आवाज थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला देता येतो. मग प्रेक्षकांपर्यंत पोहोचवण्याचे काम सभागृहाचे मोठे स्पीकर करतात आणि आपला लहान अ‍ॅम्प आपल्याला व शेजारच्या वादकाला ऐकू येण्यापुरता उरतो. रम्बलच्या ४० आणि १०० वॅटच्या अ‍ॅम्पना ही सोय आहे, २५ वॅटच्या अ‍ॅम्पला नाही. कमी वाटणाऱ्या किमतीत काय वगळलेले असते, ते अशा ठिकाणी कळते.

विजेबद्दल दोन शब्द आग्रहाने बोलतो. परदेशातील नातेवाइकाकडून अ‍ॅम्प मागवताना तो २३० व्होल्टवर चालतो का, याची आधी खात्री करावी, कारण अमेरिकेतील वीज १२० व्होल्टची असते. आणि घुरघुर येते म्हणून अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नये. वादकाची बोटे सतत धातूच्या तारांवर असतात आणि ओठांशी मायक्रोफोन असतो. अर्थिंग नसेल तर विजेचा झटका प्राणावर बेतू शकतो. मंडपातल्या तात्पुरत्या जोडणीत तर अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनला विचारण्यात मुळीच संकोच करू नये.

आता दुकानातील परीक्षेकडे वळतो. स्वतःचा बेस घेऊन जावे. दुकानातल्या भारी वाद्यावर कोणताही अ‍ॅम्प बरा वाटतो. सगळे नॉब मध्यावर ठेवून खालच्या ईपासून एकेक पडदा वर चढत जावे आणि मधेच एखादा स्वर अचानक मोठा होतो का, कुठे खडखड येते का, हे ऐकावे. मात्र इथे खोलीचा दोष अ‍ॅम्पच्या माथी मारू नये. आपल्याकडच्या दहा बाय दहा फुटांच्या खोलीत सुमारे ५६ कंपनांचा स्वर दोन भिंतींमध्ये नेमका घुमतो, आणि बेसवरील मोकळी ए तार ५५ कंपनांची असते. त्यामुळे अशा खोलीत ए तार बहुतेक प्रत्येक अ‍ॅम्पवर फुगून येते. संशय आला तर अ‍ॅम्प कोपऱ्यातून हलवून पुन्हा वाजवून पाहावे.

आणखी एक दक्षता कानाशी संबंधित आहे. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले, की आवाज मंद असला म्हणजे माणसाच्या कानाला खालचे स्वर अधिकच कमी ऐकू येतात. घरी हळू वाजवताना आपल्याला खर्ज अपुरा वाटतो, म्हणून आपण बेसचा नॉब पुढे सरकवतो, आणि तीच मांडणी तालमीत आवाज वाढवून वापरली, की सगळे सूर एकमेकांत मिसळून चिखल होतो. म्हणून दुकानदाराची परवानगी घेऊन, प्रत्यक्ष तालमीत लागेल एवढ्या मोठ्या आवाजात एकदा तरी वाजवून पाहावे. त्या वेळी शक्य तर वाद्य एखाद्या मित्राच्या हाती द्यावे आणि आपण दुकानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ऐकावे, कारण अ‍ॅम्पसमोर उभे राहिले असता त्याचा आवाज बव्हंशी आपल्या गुडघ्यांवर येतो. वरचे, स्वराला धार देणारे उपस्वर सरळ पुढे जातात आणि कानापर्यंत येत नाहीत.

घरी आणलेल्या अ‍ॅम्पची शेवटची परीक्षा गटाच्या पहिल्या तालमीत होते. त्या दिवशी अ‍ॅम्प भिंतीपासून हातभर पुढे, किंचित मागे कलता ठेवावा, बेसचा नॉब मध्याच्या थोडा अलीकडे आणि मिडचा, म्हणजे मधल्या स्वरांचा, थोडा पलीकडे ठेवून सुरुवात करावी, आणि एक गाणे पूर्ण झाल्यावर ढोलकीवाल्याला किंवा ड्रमरला विचारावे, की सम त्याला माझ्याकडून स्पष्ट मिळाली का. तो हो म्हणेपर्यंत नॉब बदलत राहावेत, आणि तो हो म्हणाला, की नॉबच्या त्या जागा पेन्सिलीने वहीत टिपून ठेवाव्यात. नमस्कार.