म-ल म्हणजे माल की मूल?

हे माझ्या शॉर्टहँडच्या वहीचं पान. बघणाऱ्याला नुसत्या रेघोट्या वाटतील, पण मिनिटाला ८० शब्दांच्या स्पीडचं ५ मिनिटांचं डिक्टेशन आहे हे, म्हणजे ४०० शब्द. ते टाइप करून झालं की आपल्याला वाटतं सुटलो, आणि मागून सरांचा आवाज येतो, आता वहीशी ताडून बघ.

इथं खरा कंटाळा सुरू होतो. एक बोट वहीतल्या आउटलाइनवर, म्हणजे शब्दाच्या खुणेवर, एक बोट प्रिंटवर, शब्द न् शब्द, आणि आपणच टाइप केलेलं असतं ना, म्हणून डोळे वाचतच नाहीत, जे असायला हवं तेच त्यांना दिसतं.

आयझॅक पिटमननं १८३७ मध्ये काढलेली ही पद्धत. क ची रेघ बारीक, ग ची तीच रेघ जाड. पेन्सिलवर दाब कमी पडला की 'घरासमोर गाडी लावली' चं 'घरासमोर काडी लावली' होतं, आणि वाक्य तर अगदी बरोबर वाटतं! शिवाय स्पीडमध्ये लिहिताना स्वर गाळायचे. म आणि ल एवढंच उरतं, ते माल, मूल की मेल, हे रेघ ओळीच्या वर आहे, ओळीवर आहे की ओळीतून गेलीय ह्यावरून आणि मागच्यापुढच्या शब्दांवरून ठरवायचं.

सरावासाठी एका फौजदारी केसचा उतारा होता. मी टाइप केलं होतं, 'पोलिसांनी मूल ताब्यात घेतल्याचे साक्षीदाराने सांगितले.' दोनदा वाचलं, काहीच खटकलं नाही. स्पेलचेक तरी काय करणार, मूल हा बरोबरच शब्द आहे. तिसऱ्यांदा बोट ठेवून आले तेव्हा वहीत रेघ ओळीच्या वर दिसली. माल! माझ्या पोटात गोळा आला.

कोर्टात साक्ष नोंदवून झाली की साक्षीदाराला वाचून दाखवायची असते, तो म्हणू शकतो की मी असं बोललो नाही. पण घाबरलेला माणूस, समोर जज, वकील... तो प्रत्येक शब्दाकडे लक्ष देईलच असं नाही. त्याचं बोलणं कागदावर जसंच्या तसं उतरवायची जबाबदारी आधी माझी आहे.

त्या दिवसापासून वहीच्या शेवटच्या पानावर मी माझ्या चुका लिहून ठेवते, तारीख टाकून. ह्या महिन्यात म-ल दोनदा, क-ग पाच वेळा. उद्या सकाळी क्लासच्या आधी अर्धा तास फक्त जाड रेघा काढणार आहे.