माझा माल कशाने बिघडतो?

(पुण्यात लघुउद्योजक आणि बचत गटांपुढे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

तुमच्यापैकी बऱ्याच जणी बोहरी आळीत फिरून पिशव्यांचे भाव काढून आल्या असतील. तिथं पहिला प्रश्न ठरलेला, किलोला काय भाव? दुसरा, दिसायला भारी दिसेल ना? माझं म्हणणं, या दोन्हींच्या आधी एक विचारा: माझा माल नेमका कशाने बिघडतो?

चिवडाच घ्या. साध्या पॉलिथिनच्या पिशवीत भरून नीट सील केला, तर तो लवकर सादळत नाही. पॉलिथिन पाण्याची वाफ चांगली अडवतं. पण काही आठवड्यांनी पिशवी फोडावी, तर पोहे कुरकुरीत आणि शेंगदाणा खवट! गिऱ्हाईक म्हणतं, जुनं तेल वापरलंय. तेल बिचारं ताजं असतं. पॉलिथिनमधून ऑक्सिजन आरामात आत शिरतो आणि तेल खवट करतो. काचेसारखी दिसणारी बीओपीपीची, म्हणजे ताणलेल्या पॉलिप्रॉपिलीनची पिशवी घेतली तरी तीच गत. पीईटीची, म्हणजे पाण्याच्या बाटलीच्या प्लॅस्टिकची फिल्म ऑक्सिजन बराच अडवते. ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेली, म्हणजे आपलं सिल्व्हर पाऊच, त्याहून जास्त, आणि उजेडही रोखते. वेफर्सचं पाकीट आतून चंदेरी असतं आणि त्यात नायट्रोजन भरतात, ते याचसाठी. साध्या पॉलिथिनमध्ये नायट्रोजन भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं.

पाऊच कितीही महागाचं घ्या, सीलच्या पट्टीत शेवेचा एक कण अडकला की सगळं मुसळ केरात. भरताना तोंडाला तेल-चुरा लागू देऊ नका, नरसाळं वापरा. दर घाण्यातलं एखादं पाकीट पाण्यात बुडवून दाबून बघा. बुडबुडे आले की कुठं गळतंय ते कळतं.

आता खाण्याचं सोडून बाकीचा माल. हेअरक्लिप, बॅटरी, स्क्रू, कानातले. इथं वाफ-हवेचा प्रश्न क्वचितच येतो. हाताळणी, चोरी आणि हुकाला टांगून दिसणं, हे प्रश्न. ब्लिस्टर म्हणजे पुठ्ठ्याच्या कार्डावर चिकटवलेला पारदर्शक फुगा. त्याला मालाच्या मापाचा साचा लागतो, म्हणून एकाच वस्तूचे हजारो नग असतील तरच परवडतो. स्किन पॅकमध्ये तापवलेली फिल्म थेट वस्तूवर बसते आणि खालून हवा ओढून घेतात. साचा नको, त्यामुळे वेगवेगळ्या आकारांचा थोडा थोडा माल असेल तर हे सोयीचं. क्लॅमशेल म्हणजे शिंपल्यासारखी उघडणारी डबी. तयार मापाच्या मिळतात, मशिनही लागत नाही. कडेनं वेल्डिंग करून घेतली तर चोर दमतो, पण गिऱ्हाईकही दमतं! पेनड्राइव्ह काढताना हात कापलेला माणूस या सभागृहात नक्की असेल. तीस रुपयांच्या क्लिपसाठी एवढा बंदोबस्त कशाला?

डबी घेताना खालचा त्रिकोण बघा. आत 1 म्हणजे पीईटी, 3 म्हणजे पीव्हीसी. दोन्ही दिसायला सारख्याच आणि पाण्यात टाकल्या तर दोन्ही बुडतात, त्यामुळे भंगारात वेगळ्या करणं अवघड. पुन्हा वापरासाठी पीईटी वितळवायला साधारण 250 अंशांच्या वर तापवावं लागतं. तेवढ्या उष्णतेत पीव्हीसी जळून आम्ल सोडतं आणि सगळा घाणा पिवळा पडतो. थोडंसं पीव्हीसी मिसळलं तरी पुरतं. थोडा जास्त भाव पडला तरी पीईटीच घ्या, यावर मी अडून बसणार.

मिठाईच्या बॉक्सवर प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळत असाल, तर 1 जुलै 2022 पासून तिच्यावर देशभर बंदी आहे, एवढंच सांगून पुढं जातो.

सिल्व्हर पाऊचची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्यात वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते सुटे करणं परवडत नाही. आपल्याकडे 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई दारात येऊन कचरा नेतात. त्यांना विचारा, पाण्याची बाटली भंगारात विकली जाते, पण चंदेरी पाकिटाला गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणून जो माल आठवड्याभरात आपल्याच पेठेत खपतो, त्याला साधी पिशवी पुरे. सोलापूरच्या दुकानात महिनाभर पडून राहणाऱ्या मालाला मात्र सिल्व्हर पाऊचशिवाय इलाज नाही.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या त्या ताई मघापासून लोणच्याची बरणी घेऊन बसल्यात, आधी त्या बोलू देत.