मेलचा प्रोग्राम बदलताना जुने मेल दुबार येऊ नयेत म्हणून

नमस्कार श्रोतेहो.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याआधी, ३१ डिसेंबर २०२४ रोजी, विंडोजसोबत फुकट येणाऱ्या साध्या 'मेल' प्रोग्रामचाही पाठिंबा थांबला. त्यामुळे जळगावच्या एमआयडीसीतले चटईवाले असोत, दोंडाईच्याचे मिरचीचे व्यापारी असोत की भुसावळचं एखादं ट्रान्सपोर्टचं ऑफिस असो, कधी ना कधी संगणक बदलावा लागतोय आणि त्याबरोबर मेलचा प्रोग्रामही. कुणी नव्या आउटलुककडे जातं, कुणी थंडरबर्डकडे. आजचं बोलणं त्या बदलाच्या दिवसाबद्दल आहे.

त्या दिवशी होतं असं. नव्या प्रोग्रामात आपला पत्ता आणि पासवर्ड टाकला की खाली आकडा धावायला लागतो. हजारो मेल येऊ लागतात. जुन्या संगणकावरून आणलेले मेल आधीच भरलेले असतील, तर तेच मेल दुसऱ्यांदा येतात, आणि तेही न वाचलेले म्हणून, ठळक अक्षरांत. समजा तुमची दालमिल आहे. ऑगस्टमध्ये माल पाठवून झालेली हरभरा डाळीची ऑर्डर आज पुन्हा वर आली. ऑफिसातल्या नव्या मुलाला मागचं काय ठाऊक? तो प्रिंट काढून गोडाऊनला देतो. जुनं बिल टॅलीत दुसऱ्यांदा चढतं. आणि जीएसटीची खरोखर आज आलेली नोटीस त्या गर्दीत खाली दबून राहते. म्हणून याकडे नुसता पसारा म्हणून बघू नका, असं मी कळकळीनं सांगतो. यात पैसा जातो.

हे का होतं, ते समजलं की पुढचं सोपं आहे. मेल आणण्याच्या दोन रीती आहेत, पॉप आणि आयमॅप. पॉप आला १९८४ साली. तेव्हा फोनच्या तारेवरून जोडणी घ्यायची, टपाल उचलायचं आणि तार सोडून द्यायची, असा व्यवहार होता. टपाल एकाच संगणकावर उतरणार, हे त्यात गृहीत होतं. पुढे लोकांना मेल सर्व्हरवरही, म्हणजे मेलची सेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकावरही, शिल्लक ठेवावेसे वाटू लागले. मग कोणते मेल आणून झाले हे कसं कळणार? त्यासाठी सर्व्हर प्रत्येक मेलला एक खूणक्रमांक देतो, आणि प्रोग्राम आपण आणलेल्या क्रमांकांची यादी स्वतःजवळ ठेवतो.

सगळी गोम इथं आहे. ही यादी तुमच्या संगणकावर असते, सर्व्हरवर नसते. आडतीवर नवा मुनीम कोरी वही घेऊन बसला, तर उतरवून झालेल्या गाड्याही तो नव्यानंच लिहून घेणार. नवा मेल प्रोग्राम नेमकं हेच करतो. यात बिघाड कुठलाच नाही, आधीचं काय झालं हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

आता आपलं खातं तपासा. जुन्या प्रोग्रामच्या अकाउंट सेटिंगमध्ये 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर' अशी ओळ दिसली, तर तुम्ही पॉपवर आहात. तिच्याखाली बहुधा १४ दिवसांची मुदत असते. थंडरबर्ड आणि आउटलुक दोन्ही तीच मुदत आधीपासून घालून देतात. ती तशीच असेल, तर दुबार येतील ते मागच्या १४ दिवसांचेच मेल, आणि तेवढे हातानं काढता येतात. पण कुणीतरी त्या मुदतीसमोरची खूण काढलेली असेल, तर सर्व्हरवर वर्षानुवर्षांचे मेल साठलेले असतात. खरा त्रास या लोकांना होतो.

त्यांच्यासाठी एक उपाय मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात काहीच पुसावं लागत नाही. पॉपला सर्व्हरवरचा फक्त इनबॉक्स दिसतो, बाकीचे फोल्डर दिसतच नाहीत. तेव्हा आधी जुन्या प्रोग्रामात शेवटचे मेल आणून घ्या. मग त्याचं आपोआप मेल आणणं बंद करा. त्यानंतर ब्राउझरमधून आपली वेबमेल उघडा, तिथं 'जुने' नावाचा एक फोल्डर करा आणि इनबॉक्समधलं सगळं त्यात हलवा. आता नवा प्रोग्राम जोडा. त्याला इनबॉक्स रिकामा दिसेल आणि तो फक्त यापुढचे मेल आणेल. जुने मेल सर्व्हरवर सुखरूप राहतात.

जीमेलला मात्र ही युक्ती चालत नाही, कारण जीमेलचा पॉप इनबॉक्सबाहेरचे मेलही देतो. त्यासाठी जीमेलच्या सेटिंगमध्येच 'आतापासून येणाऱ्या मेलसाठी पॉप चालू करा' असा पर्याय आहे, तो निवडायचा.

थंडरबर्डवाल्यांचा मार्ग आणखी सरळ आहे. नव्या संगणकावरही थंडरबर्डच वापरायचा असेल, तर नवं खातं उघडत बसू नका. जुन्या संगणकावरचा अख्खा प्रोफाइल फोल्डर उचलून न्या. हेल्पमध्ये 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडलं की तो कुठं आहे ते कळतं. आणलेल्या मेलची ती यादी याच फोल्डरात 'पॉपस्टेट' नावाच्या फाइलमध्ये असते. यादी बरोबर गेली की दुबार येण्याचा प्रश्नच उरत नाही. फोल्डर उचलताना थंडरबर्ड बंद असू द्या.

थंडरबर्डमधून दुसऱ्या प्रोग्रामकडे जात असाल तर एक पायरी विसरू नका. थंडरबर्डमध्ये पुसलेला मेल लगेच नाहीसा होत नाही. त्याच्यावर फक्त पुसल्याची खूण होते, मजकूर फाइलमध्येच पडून असतो. दुसऱ्या प्रोग्रामला ती खूण वाचता आली नाही, तर कधीच पुसलेले मेल पुन्हा उभे राहतात. म्हणून मेल हलवण्याआधी 'कॉम्पॅक्ट फोल्डर्स' करून घ्या.

आउटलुकमध्ये जुन्या मेलची फाइल भरताना दुबार नोंदींचं काय करायचं, असं विचारलं जातं. घाईत आपण पुढे पुढे दाबत जातो. तिथं थांबा आणि 'डू नॉट इम्पोर्ट डुप्लिकेट्स' निवडा.

आता आयमॅप. १९८६ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी ही रीत आखली. यात मूळ मेल सर्व्हरवर राहतात आणि प्रोग्राम फक्त ते दाखवतो. काय वाचलं, काय पुसलं, ही नोंदही सर्व्हरवरच असते. त्यामुळे दुकानातला संगणक, घरचा लॅपटॉप आणि हातातला मोबाइल, तिन्हीकडे एकच चित्र दिसतं. माझं स्पष्ट मत आहे की ज्यांना शक्य आहे त्यांनी या बदलाच्या निमित्तानं पॉप सोडून आयमॅपवर यावं. पुढच्या वेळी प्रोग्राम बदलाल तेव्हा जुने मेल हलवण्याचं कामच उरणार नाही.

पण पॉपवरून आयमॅपवर येताना संगणकातले जुने मेल सर्व्हरवर चढवावे लागतात, आणि हे काम नाजूक आहे. मेल चढवताना तो आधीच तिथं आहे का, हे सर्व्हर तपासत नाही. दहा वर्षांचा फोल्डर एकदम ओढून टाकला आणि मध्येच लाइट गेली, तर पुन्हा सुरुवातीपासून चढवताना अर्धे मेल दुबार होतात. लाइटचं आपल्याकडे कसं असतं ते मी तुम्हाला काय सांगू? तेव्हा वर्षावार फोल्डर करा, एकेक वर्ष चढवा, दोन्हीकडचा आकडा जुळला की पुढचं वर्ष घ्या. आणि जे मेल चढवायचे ते आधीच सर्व्हरवरही पडून असतील, तर ते चढवू नका.

जीमेल आयमॅपनं जोडल्यावर एकच मेल इनबॉक्समध्ये आणि 'ऑल मेल'मध्ये असा दोनदा दिसतो. श्रोतेहो, हा भाग नीट ऐका. ते दोन मेल नाहीत, एकाच मेलच्या दोन चिठ्ठ्या आहेत. दुबार समजून 'ऑल मेल'मधला पुसायला गेलात, तर खरा मेलच कचऱ्यात जाईल. जीमेलच्या सेटिंगमध्ये लेबल्सच्या यादीत 'ऑल मेल'समोरची 'शो इन आयमॅप' ही खूण काढा. मग प्रोग्रामात तो दिसणारच नाही.

ज्यांच्याकडे आधीच सगळं दुबार होऊन बसलंय, त्यांचंही काम होतं. प्रत्येक मेलच्या माथ्यावर मेसेज-आयडी नावाची एक ओळ असते. प्रोग्राम बदलला, सर्व्हर बदलला तरी ती बदलत नाही. थंडरबर्डसाठी दुबार मेल शोधणारी अ‍ॅड-ऑन मिळतात, ती या ओळीवरून जोड्या लावतात. आधी सगळ्याची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या, मग एका लहान फोल्डरवर करून बघा, आणि जीमेल असेल तर 'ऑल मेल' त्या शोधातून वगळा.

जुना प्रोग्राम लगेच काढून टाकू नका. त्याचं मेल आणणं बंद ठेवून तो निदान एक महिना संगणकावर राहू द्या. मार्चअखेरच्या धांदलीत तर हे काम हाती घेऊच नका, एखादा निवांत रविवार बघा.

नमस्कार.