कांदा आणि गुलकंद यांचं नातं काय?

नमस्कार मंडळी!

(कांदा आणि बरणी कॅमेऱ्याजवळ धरून)

हा लासलगावचा उन्हाळ कांदा. आणि ही गुलकंदाची बरणी. आपल्या नाशिकला मोगलाईत गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचं शहर, म्हणायचे, म्हणून नाशिकच्या टेबलावर गुलकंद हवाच. आता नुसतं कान देऊन ऐका. कांदा. गुलकंद. दोन्हीकडे 'कंद' ऐकू येतो ना? म्हणजे ही सख्खी भावंडं असणार. मलासुद्धा लहानपणी वाटायचं, की गुलाबाच्या झाडाखाली एखादा कंद असतो आणि तो किसून गुलकंद करतात.

तसं काही नाही. कांदा आला संस्कृत 'कन्द'वरून. कन्द म्हणजे जमिनीत वाढणारा गड्डा. सुरण, रताळी ही आपली कंदमुळं, त्याच घरातला हा कांदा. गुलकंदातला 'कंद' मात्र फारसी आहे. फारसीत गुल म्हणजे गुलाब आणि कंद म्हणजे साखर. पाकळ्या आणि साखर उन्हात मुरवायची, झाला गुलकंद. नावातच सगळी कृती सांगून टाकलीय.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. फारसीला हा 'कंद' मिळाला कुठून? आपल्याकडूनच! संस्कृतात 'खण्ड' म्हणजे तुकडा. उसाचा रस आटवून साखरेचे जे खडे व्हायचे, त्यांनाही खण्डच म्हणत. आपल्या खांडसरी साखरेत तो शब्द अजून जिवंत आहे. हा खण्ड इराणात गेला आणि कंद झाला. तिथून अरबांकडे, अरबांकडून युरोपात, आणि इंग्रजीत पोचला तेव्हा झाला कँडी. इकडे तोच कंद गुलाबाला सोबत घेऊन आपल्या घरी परत आला. म्हणजे बघा, कांदा आणि गुलकंद एकमेकांचे कुणीच लागत नाहीत. आणि पोरांच्या हातातली कँडी, ही बरणी आणि खांडसरी, ही मात्र रक्ताची नाती.

साखरेचंही असंच आहे. 'शर्करा' म्हणजे मुळात रेती, खडे. फारसीत तिची शकर झाली, अरबीत सुक्कर, इंग्रजीत शुगर. आणि आपण तिला पुन्हा एकदा 'खडी' जोडून खडीसाखर केली!

म्हणून दोन शब्द सारखे वाटले की मी आधी विचारते, बाबा रे, तू आलास कुठून आणि कुठल्या वाटेने?

मागच्या दिवाळीच्या आधी नाशिकच्या रविवार कारंजा चौकाजवळ एका सुकामेव्याच्या दुकानात उभी होते. त्र्यंबकेश्वराचं दर्शन करून आलेलं एक बंगाली कुटुंब होतं. त्यातल्या बाईंनी विचारलं, "दादा, बेदाना मिलेगा?"

"मिलेगा ना ताई. हिरवा दूं की पिवळा?"

"हरा बेदाना?" बाई बुचकळ्यात.

दुकानदारानं चार मणी त्यांच्या तळहातावर ठेवले. त्या म्हणाल्या, "ये तो किशमिश है!" आणि त्यांनी बोट दाखवलं समोरच्या हातगाडीकडे. गाडीवर रचून ठेवलेली लालभडक डाळिंबं!

बंगालीत बेदाना म्हणजे डाळिंब. दुकानदार बरोबर, बाईही बरोबर. शब्द दोघांचाही फारसीतून आलेला. 'बे' म्हणजे बिन, आपल्या बेसावध, बेजबाबदारमधला. 'दाना' म्हणजे बी. बेदाना म्हणजे बिनबियांचं. आपण ते नाव बिनबियांच्या सुकवलेल्या द्राक्षांना दिलं. तिकडे मऊ बियांच्या उंची डाळिंबाला ते होतं, आणि हळूहळू सगळ्याच डाळिंबांना चिकटलं. दाण्यांनी गच्च भरलेलं फळ, आणि नाव बेदाना! अर्थ असा सरकत जातो, कुणी ठरवून सरकवत नाही.

आणि तो 'दाना' आपल्या धान्याचा चुलतभाऊ आहे बरं का. संस्कृत 'धाना', फारसी 'दाना'. इथे कुणी कुणाकडून उसनं घेतलेलं नाही. दोन्ही भाषा एकाच जुन्या घरातून वेगळ्या निघाल्या, त्या घरातलाच हा शब्द.

हिंदीतली 'शिक्षा' म्हणजे शिक्षण आणि आपली शिक्षा म्हणजे छडी, यावर हसणं खूप होतं. मला वाटतं, हसून झाल्यावर थोडं थांबावं. मूळ धातू 'शिक्ष्', म्हणजे शिकणं. मग मराठीत छडी आली कुठून? आपण चिडल्यावर काय म्हणतो? "थांब, चांगलाच धडा शिकवते तुला!" धडा शाळेतलाच, पण बोलण्यात त्याचा मार झाला. शिक्षेचंही तसंच झालं.

आता पाव. मिसळीबरोबर येतो तो. मोबाइलवर एक मजकूर सारखा फिरतो, की पीठ पायाने तुडवायचे म्हणून पाव. हे चूक आहे, आणि पहाटे उठून भट्टी पेटवणाऱ्या माणसांवर तो अन्याय आहे. कृपा करून पुढे पाठवू नका. हा पाव पोर्तुगीजांच्या भाषेतला, तिथे भाकरीपावाला 'पाँव'सारखाच शब्द आहे. पाव किलोतला पाव वेगळा. तो संस्कृत 'पाद'वरून आला. पाद म्हणजे पाय, आणि चार पायांतला एक, म्हणून चौथा हिस्सा. आणि आजी हात जोडून म्हणते ना, "देवा, पाव रे बाबा", तो तिसराच. तो 'प्राप्'वरून आला, म्हणजे मिळणं, पोचणं.

त्या दुकानात बाईंनी शेवटी पाव किलो बेदाणा घेतलाच. दुकानदारानं पावती फाडली. पाव किलोतला पाव 'पाद'वाला, पावतीतला 'प्राप्'वाला. पावती पर्समध्ये टाकून बाई रस्ता ओलांडून गेल्या, बेदाना घ्यायला.