कोड तक्रार सांगतो, पार्ट नाही

नमस्कार श्रोतेहो. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर शोधला जातो. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये तो लावला की पडद्यावर उमटतं: पी ०१७१.

पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स. शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना सामाईक कोड. पुढचा एक म्हणजे हवा आणि इंधनाचा मामला. आणि अख्ख्या कोडचा अर्थ, मिश्रण लीन झालंय; हवा जास्त, इंधन कमी. बस्स, एवढंच. कुठला पार्ट बिघडलाय, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

तरी पहिला बदलला जातो धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर. का, तर लीन असल्याची खबर त्यानं दिली! चोर सोडून संन्याशाला फाशी. मीही दिली आहे. नवा सेन्सर बसवला, चार दिवसांत दिवा परत हजर. शेवटी सापडला तडकलेला रबरी व्हॅक्यूम पाइप.

तो स्कॅनरनंच पकडता आला असता. लाइव्ह डेटात फ्युएल ट्रिम बघा. संगणक किती टक्के इंधन वाढवतोय, हे तो आकडा सांगतो. इंजिन आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू असताना अधिक वीस आणि अडीच हजार आरपीएमला घसरून अधिक पाच, तर हवा कुठूनतरी चोरून शिरतेय. आयडलला इंजिन मुळात हवा कमी घेतं, म्हणून छोटी गळतीही मोठी ठरते. वेग वाढला की तीच गळती नगण्य होते. उलट, लोड वाढेल तसा आकडाही चढत गेला, तर फ्युएल पंप, फिल्टर, नाहीतर आत येणारी हवा मोजणारा, मळलेला एअरफ्लो सेन्सर तपासायचा.

कोड क्लिअर करायचा मोह आधी आवरा. बिघाडाच्या क्षणीचा आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान, सगळं फ्रीझ फ्रेममध्ये जपलेलं असतं. बटण दाबलंत की तेही पुसलं जातं. आधी लिहून घ्या.

दिवा स्थिर असेल तर हे सगळं सवडीनं करता येतं. लुकलुकत असेल तर मात्र इंजिन जोरात मिसफायर करतंय, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाहीये. न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो तापून निकामी होतो. अशा वेळी स्कॅनर राहू द्या, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढा आणि गाडी बाजूला घ्या.